पिकअपच्या चाकांतील थरथर : कारणमीमांसा आणि दुरुस्ती

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेच्या पिकअप गाडीला चार नवे टायर आणि चार नव्या डिस्क घेऊन दिल्या. वसतिगृहाचे धान्य, बाजार समितीतून येणारा भाजीपाला, गॅसच्या टाक्या, स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे सामान हे सारे याच गाडीतून येते. जुने टायर हलक्या जातीचे होते. गाडी भरली की त्यांच्या बाजू फुगत, आणि वर्षभरात दोनदा भर रस्त्यात टायर फुटला होता. म्हणून जास्त भारक्षमतेचे, कडक बाजूंचे टायर आणि जाड पत्र्याच्या डिस्क निवडल्या. देणगी विचारपूर्वक दिली होती. तरीही पंधरा दिवसांतच शाळेच्या चालककाकांचा मला फोन आला, "बाळा, सत्तरच्या पुढं गेलं की स्टिअरिंग हातात ठरत नाही. एकदा येऊन बघ."

दरम्यान पुष्कळ काही होऊन गेले होते. टायरच्या दुकानात तीनदा बॅलन्सिंग झाले होते आणि प्रत्येक वेळी 'मशीनवर शून्य आहे' असे उत्तर मिळाले होते. कोणी म्हणाले, टायरच खराब निघाले, अर्ध्या किमतीत विकून टाका. कोणी म्हणाले, गाडीत दोष नाही, चालक गाडी दामटतो. वीस वर्षे विनातक्रार गाडी चालवणाऱ्या माणसाच्या कामावर प्रथमच प्रश्नचिन्ह लागले होते. एका रविवारी सकाळी मी तपासणीस बसलो. त्या दिवशी जे आढळले ते पुढे सांगतोच. परंतु त्याआधी हे नमूद करतो की, आपले अनेक माजी विद्यार्थी आज पिकअपवर उदरनिर्वाह करतात. नाशिकची द्राक्षे, लासलगावचा कांदा, नारायणगावचा टोमॅटो अशाच गाड्यांतून बाजारात पोहोचतो. जड टायर-डिस्क बसविल्यावर गाडी थरथरू लागते ही तक्रार माझ्याकडे दर महिन्याला येते. म्हणून त्या रविवारची तपासणी ज्या क्रमाने केली, त्याच क्रमाने हा विषय येथे मांडत आहे.

१. थरथरीचे गणित

चाकातील दोष समजून घेण्यासाठी प्रथम त्याची गती समजून घेतली पाहिजे. पिकअपवर सर्रास आढळणारा २१५/७५ आर १५ या मापाचा टायर घेऊ. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा आकडा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा आकडा डिस्कचा व्यास इंचांत सांगतो. या हिशेबाने टायरचा व्यास सुमारे ७०० मिलिमीटर आणि परीघ सुमारे २.२ मीटर येतो. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते तेव्हा ती सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. म्हणजे चाकाचे सेकंदाला दहा फेरे होतात. ताशी ६० ला साडेसात आणि ताशी १०० ला साडेबारा फेरे होतात.

चाकाच्या कडेला एका बाजूस ५० ग्रॅम वजन जास्त आहे असे समजू. हाताने चाक फिरवताना ते जाणवणारही नाही. पण ताशी ८० वेगाला हेच ५० ग्रॅम वजन सुमारे चार किलोच्या ओढीने चाकाला सेकंदाला दहा वेळा बाहेर खेचते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. त्यामुळेच ताशी ४० ला शांत असणारी गाडी ८० ला थरथरते.

याला आणखी एका गोष्टीची जोड मिळते. चाक, हब आणि आस यांचा समूह, खाली टायरची लवचीकता आणि वर पाटे, अशा रचनेला स्वतःची एक स्वाभाविक कंपनगती असते. ती साधारणपणे सेकंदाला दहा ते पंधरा कंपनांच्या आसपास असते. चाकाचे फेरे या गतीशी जुळले की लहानसा दोषही मोठा होऊन जाणवतो. झोपाळ्याला नेमक्या क्षणी दिलेला हलका धक्काही झोका वाढवत नेतो, तसेच हे आहे. पुष्कळ गाड्या ताशी ७५ ते ९५ या पट्ट्यात थरथरतात आणि त्यापुढे काहीशा शांत होतात, याचे कारण येथे आहे. गाडी पुढच्या वेगाला शांत झाली म्हणजे दोष गेला असे मात्र समजू नये.

२. जड चाकाचा दोष किती?

'टायर जड आहेत म्हणून गाडी थरथरते' हे विधान अर्धेच खरे आहे. जड चाक बरोबर मध्यावर बसले असेल, गोल असेल आणि त्याचा तोल साधला असेल, तर ते शांतपणे फिरते. मात्र बसविताना झालेली चूक हलक्या चाकात जेवढी खपून जाते, तेवढी जड चाकात खपत नाही.

एक साधा हिशेब पाहा. टायर आणि डिस्क मिळून चाकाचे वजन ३० किलो धरू. असे चाक हबच्या मध्यापासून केवळ अर्धा मिलिमीटर सरकून बसले, तर तोलावर होणारा परिणाम डिस्कच्या कडेला सुमारे ८० ग्रॅमचे वजन लटकविण्याइतका असतो. चाक २० किलोचे असते तर तोच परिणाम सुमारे ५० ग्रॅमइतका झाला असता. अर्धा मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडींएवढे अंतर. हबवर साचलेला गंज किंवा रंगाचा जाड थर एवढी चूक सहज करू शकतो.

दुसरी बाब टायरच्या कडकपणाची. ८ पीआर, १० पीआर असे आकडे टायरच्या बाजूवर लिहिलेले असतात. हा आकडा टायरच्या ताकदीचे मानांकन आहे. आत तेवढे थर मोजून घातलेले असतातच असे नाही. मानांकन जितके जास्त, तितके टायरचे अंग कडक आणि त्यात भरावयाचा दाबही जास्त. असा टायर एक मिलिमीटर दाबण्यासाठी २५ किलो भार लागतो असे समजा. मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेले चाक फिरताना त्याची एक बाजू जमिनीवर साडेबारा किलोने जास्त आणि दुसरी तेवढ्याच भाराने कमी दाब देईल. हा धक्का बॅलन्सिंगच्या वजनांनी जात नाही. वजनांनी तोल साधतो, गोलपणा साधत नाही. संपूर्ण लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे.

३. तपासणीचा पहिला भाग : गाडी चालवून

पाना हाती घेण्यापूर्वी गाडी चालवून पाहावी. निदान पंधरा-वीस किलोमीटर चालविल्यावरच निष्कर्ष काढावा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरला, विशेषतः कडक टायरला, जमिनीला टेकलेल्या जागी तात्पुरता चपटेपणा येतो आणि टायर गरम झाल्यावर तो जातो. पहिल्या पाच किलोमीटरांत जाणवून पुढे नाहीशी होणारी थरथर या प्रकारची असते. त्यासाठी खर्च करू नये.

त्यानंतर पुढील निरीक्षणे वहीत लिहावीत.

थरथर स्टिअरिंगमध्ये जाणवत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत असतो. बैठकीत आणि पायाखालच्या पत्र्यात जाणवत असेल तर तो मागच्या चाकांत असण्याची शक्यता अधिक.

ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर ब्रेकचा ड्रम किंवा ब्रेकची चकती तपासावी. टायर बदलून काही साधणार नाही.

वेग देताना येऊन पाय काढताच जात असेल तर प्रोपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस पाहावेत. हा शाफ्ट डिफरन्शियलच्या गुणोत्तरानुसार चाकाच्या सुमारे चौपट गतीने फिरतो. त्यामुळे त्याच्या दोषाचा हादरा चाकासारखा सुटा सुटा जाणवत नाही, अखंड घरघर ऐकू येते.

मोकळ्या, सरळ आणि सुरक्षित रस्त्यावर, थरथर होत असलेल्या वेगाला क्षणभर गाडी न्यूट्रल करून पाहावी. थरथर तशीच राहिली तर दोष चाकांकडे आहे. ती बदलली तर इंजिन, क्लच किंवा त्यांच्या आधारांकडे पाहावे. ही चाचणी करताना इंजिन कधीही बंद करू नये. इंजिन बंद पडताच ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य जाते.

शाळेची गाडी काकांनी चालविली आणि मी शेजारी बसलो. सत्तरनंतर स्टिअरिंग डुगडुगू लागले. त्याबरोबरच बैठकीतही मंद हादरा होता. न्यूट्रल केल्यावर काही फरक पडला नाही. म्हणजे दोष चाकांत होता आणि एकाहून अधिक चाकांत होता. काका वेगमर्यादा पाळून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी चालवीत होते, हेही मी वहीत लिहिले.

४. दुसरा भाग : डोळ्यांनी आणि हातांनी

गाडी सपाट जागी उभी करून, दोन चाकांना अडण लावून, जॅकने उचलावी आणि भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

प्रथम टायर पाहावा. एखाद्या जागी फुगवटा, चिरलेली बाजू किंवा नक्षीत आलेला वाकडेपणा दिसला तर आतील तारांचे थर सुटू लागले असण्याचा संभव असतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो त्याच दिवशी काढावा. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकडा त्याची जन्मतारीख सांगतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. 'नवा' म्हणून घेतलेला टायर दुकानात किती वर्षे पडून होता, हे त्यावरून कळते.

डिस्कच्या आतील बाजूस वाळलेला चिखल पाहावा. पावसाळ्यात शेतातून आलेल्या गाडीच्या डिस्कमध्ये मूठभर चिखल वाळून बसलेला असतो आणि तो बॅलन्सिंगची सारी मेहनत वाया घालवतो. पंक्चर रोखण्यासाठी टायरमध्ये भरलेले द्रावणही एका बाजूस साचून तोल बिघडवू शकते.

मग चाक वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे धरून हलवावे. वर-खाली खटखट लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, डावी-उजवी खटखट लागली तर टाय रॉडचा एंड तपासावा. शॉकअपमधून तेल पाझरते का, पाट्यांचे यू-बोल्ट सैल आहेत का, हेही पाहावे. चाक जड झाले की ते उसळल्यावर आवरण्याचे शॉकअपचे काम वाढते. हलक्या चाकांबरोबर कसाबसा चालणारा जुना शॉकअप जड चाकांबरोबर उघडा पडतो.

यानंतर नटांकडे वळावे. मी मागच्या डाव्या चाकापाशी बसलो, पाना लावण्यापूर्वी सवयीने नटाला हात लावला आणि तो नट बोटांनी फिरला. शेजारचाही फिरला. काका माझ्या मागे उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. आदल्याच दिवशी त्याच गाडीतून त्यांनी बाजार समितीतून चौदा पोती धान्य आणले होते आणि वाटेत घाट होता. आणखी दोन नट सैल झाले असते तर चाक निखळले असते. ज्या थरथरीला सारे 'चालवण्याची सवय' म्हणत होते, तिच्यात निखळू पाहणारे एक चाक होते.

५. चाक मध्यावर बसणे

कुंभार भांडे घडविण्यापूर्वी मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर आणतो. गोळा किंचित बाजूला राहिला तर पुढचे सारे कौशल्य वाया जाते. मोटारीच्या चाकाचेही तसेच आहे. ते मध्यावर आणण्याच्या दोन पद्धती आहेत. काही गाड्यांत डिस्कचे मधले भोक हबच्या उंचवट्यावर घट्ट बसते. काही गाड्यांत मधले भोक सैल असते आणि निमुळत्या तोंडाचे नट डिस्कच्या निमुळत्या भोकांत शिरून चाक मध्यावर आणतात. आपल्या गाडीच्या नव्या डिस्कचे मधले भोक हबपेक्षा किंचित मोठे होते. म्हणजे चाक मध्यावर आणण्याचे सारे काम नटांकडे होते.

चाके काढल्यावर तीन गोष्टी दिसल्या. हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे होते. नव्या डिस्कच्या टेकणाऱ्या बाजूवर आणि नटांच्या भोकांत रंगाचा जाड थर होता. आणि नट हवेच्या बंदुकीने, एका मागोमाग एक असे गोलाकार क्रमाने आवळलेले होते. पहिलाच नट पूर्ण आवळल्यामुळे चाक स्वतःच्या वजनाने जेथे लोंबत होते तेथेच पकडले गेले होते. पुढे गाडी चालू लागल्यावर दबलेला रंग आणि गंज झिजून गळला, मध्ये पोकळी राहिली आणि नट सैल पडले. थरथर आणि सैल नट हे दोन वेगळे दोष वाटत होते, प्रत्यक्षात त्यांचे मूळ एकच होते.

चाक बसविण्याची योग्य रीत अशी आहे. हबचे तोंड आणि डिस्कची टेकणारी बाजू तारेच्या ब्रशने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासावी. नटांच्या भोकांतील जादा रंग काढावा. भोके लांबट झाली असतील किंवा त्यांभोवती तडे असतील तर ती डिस्क बाद करावी. नटाचे तोंड डिस्कच्या भोकाला साजेसे आहे ना, हे पडताळावे. निमुळत्या भोकात सपाट नट किंवा सपाट भोकात निमुळता नट कधीही लावू नये. जाड डिस्क बसविल्यावर नट स्टडवर किती आटे धरतो, तेही पाहावे. स्टडच्या व्यासाइतकी तरी पकड असावी, नाही तर लांब स्टड घालावे लागतात.

मग चाक वर उचललेल्या स्थितीत सर्व नट प्रथम हाताने लावावेत. चाक हळूहळू फिरवीत, समोरासमोरचा क्रम ठेवून ते पान्याने बेताचे आवळावेत. गाडी खाली टेकविल्यानंतर, त्याच क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने शेवटचे आवळावेत. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत. नव्या किंवा नुकत्याच रंगविलेल्या डिस्कच्या बाबतीत ही दुसरी तपासणी कधीही टाळू नये.

६. मशीनवरचे शून्य

आता तीनदा मिळालेल्या 'शून्या'कडे वळू. बॅलन्सिंगचे मशीन चाक ज्या आसावर बसविले आहे, त्या आसाच्या संदर्भात तोल मोजते. चाक मशीनवर मध्यावर बसले नसेल तर मशीन चुकीच्या मध्याभोवती अचूक शून्य दाखवते. मोठ्या भोकाच्या जाड डिस्कला साजेसा शंकू निवडावा लागतो आणि तो डिस्कच्या योग्य बाजूने लावावा लागतो. नटांनी मध्यावर येणाऱ्या डिस्कसाठी, नटांच्या भोकांत बोटे शिरवून चाक धरणारी पट्टी मिळाल्यास फार उत्तम.

हे पडताळण्याची युक्ती सोपी आहे आणि कोणताही गाडीमालक कारागिराला ती नम्रपणे करावयास सांगू शकतो. मशीनवर शून्य आल्यावर चाक सैल करावे, मशीनच्या आसावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावे आणि पुन्हा मोजावे. आकडा शून्याजवळच राहिला तर चाक मध्यावर बसले आहे. आपल्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाने दुसऱ्या वेळी ४५ ग्रॅम दाखविले. तेव्हा दुकानातील कारागिरानेही मान्य केले की शंकू उलट्या बाजूने लागत होता. त्याने मन लावून काम केले होते, पण ही पडताळणी त्याला कोणी शिकविली नव्हती.

येथे आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावा. तोल दोन प्रकारे बिघडतो. एका बाजूला वजन जास्त असेल तर चाक वर-खाली उसळते. आतल्या कडेला एका ठिकाणी आणि बाहेरच्या कडेला त्याच्या समोरच्या ठिकाणी वजन जास्त असेल, तर चाक डावीकडे-उजवीकडे डुगडुगते. रुंद चाकात हा दुसरा प्रकार अधिक आढळतो. म्हणून वजने आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडांना लावू द्यावीत. 'बाहेरून दिसायला वाईट दिसते' म्हणून सारी वजने एकाच कडेला लावण्याचा आग्रह धरू नये.

७. गोलपणा मोजणे

तोल साधल्यावर गोलपणा पाहावा. कारखान्यात यासाठी डायल गेज वापरतात. ते नसेल तर विटेवर टेकवून एक खिळा किंवा पेन्सिल टायरच्या मधल्या नक्षीपासून केसभर अंतरावर स्थिर धरावी आणि चाक हाताने सावकाश फिरवावे. अंतर कोठे कमी होते, कोठे वाढते, ते खडूने टायरवर खुणावावे. संपूर्ण फेऱ्यात हा फरक दीड मिलिमीटरच्या आत असावा, असा सर्वसाधारण कारखानी दंडक आहे. कडक टायरच्या बाबतीत तो एक मिलिमीटरच्या आत आणलेला बरा.

फरक जास्त आढळला तर तो कोणाचा, हे ठरवावे लागते. प्रथम चाक हबवर एक-दोन स्टड पुढे सरकवून बसवावे. दोषाची जागा हबशी बांधलेली राहिली तर हब तपासावा. ती चाकाबरोबर सरकली तर हवा काढून टायर डिस्कवर अर्धा फेरा फिरवावा आणि पुन्हा मोजावे. उंचवटा टायरबरोबर गेला तर दोष टायरचा, डिस्कपाशीच राहिला तर दोष डिस्कचा. दोघांतही थोडा थोडा दोष असेल तर टायरचा उंच भाग डिस्कच्या खोलगट भागावर आणून दोन्ही एकमेकांत जिरवता येतात. पुष्कळ नव्या टायरांवर कारखान्यातून रंगीत ठिपके येतात. पिवळा ठिपका बहुधा टायरचा हलका भाग दाखवतो आणि तो हवेच्या वॉल्व्हपाशी ठेवतात. लाल ठिपका टायरचा सर्वांत उंच किंवा कडक भाग दाखवतो. डिस्कच्या खोलगट जागेची खूण असेल तर लाल ठिपका तिच्यासमोर आणतात.

आपल्या पुढच्या उजव्या चाकात दोष याहून साधा निघाला. टायरच्या बाजूवर, डिस्कच्या कडेलगत, सर्वत्र सारख्या अंतरावर दिसावयास हवी अशी एक बारीक उंच रेषा असते. ती एका ठिकाणी सुमारे तीन मिलिमीटर आत गेलेली होती. म्हणजे टायरची कडा तेथे डिस्कवर पूर्ण बसलीच नव्हती. कडक टायरांत असे सहज घडते. हवा काढली, कडेला साबणाचे पाणी लावले आणि पुन्हा हवा भरली, तेव्हा कडा आवाज करून जागेवर बसली. हवा भरताना टायरवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नये आणि चाकासमोर उभे राहू नये. ही सूचना औपचारिक नाही. टायरची कडा सुटून माणसे दगावल्याच्या घटना आमच्या व्यवसायात घडतात.

८. हवेचा दाब

एक अखेरची चूक आम्हा सर्वांची होती. 'जड टायर आहेत' म्हणून चारही टायरांत, बाजूवर लिहिलेला कमाल दाब सदासर्वकाळ भरला जात होता. तो आकडा मर्यादा सांगतो, रोजचा दाब सांगत नाही. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत पुढच्या-मागच्या चाकांचा, रिकाम्या-भरल्या गाडीचा दाब दिलेला असतो. कंपनीच्या मापाहून वेगळ्या जातीचा टायर बसविला असेल तर त्या टायरच्या भार-दाब तक्त्यावरून हिशेब करून घ्यावा. रिकाम्या गाडीत अतिदाब भरला की कडक टायर आणखी कडक होतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा गाडीत आणून सोडतो. उलट भरलेल्या गाडीत दाब कमी ठेवला तर टायर तापून फुटतो. म्हणून थरथर कमी व्हावी यासाठी दिलेल्या दाबाखाली हवा कधीही उतरवू नये. दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा.

९. निष्पत्ती

दिवस मावळेपर्यंत हब घासून झाले, डिस्कवरील जादा रंग निघाला, मागच्या डाव्या चाकाचे आटे दुखावलेले स्टड आणि त्यांचे नट नवे बसले आणि टायरांत योग्य दाब आला. पुढच्या उजव्या चाकाला आधी ११० ग्रॅम वजने लावलेली होती. ते मध्यावर बसविल्यानंतर ३० ग्रॅम पुरले. विकत घ्यावे लागले ते फक्त एका चाकाचे स्टड आणि नट. विकायला काढलेले टायर-डिस्क आजही त्याच गाडीवर आहेत.

सोमवारी सकाळी काकांनी गाडी हमरस्त्यावर नेली. ऐंशीवर गेल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले, स्टिअरिंगवरची पकड थोडी सैल केली आणि म्हणाले, "आता कसं, जुनी गाडी परत आल्यासारखं वाटतं."

घरी ठेवता यावा म्हणून तपासणीचा क्रम थोडक्यात पुन्हा देतो. पंधरा-वीस किलोमीटर चालवून लक्षणे लिहून काढा. नट, टायरची बाजू आणि डिस्कमधील चिखल पाहा. खटखट आणि शॉकअप तपासा. हब व डिस्क स्वच्छ करून चाक योग्य क्रमाने बसवा. टायरची कडा सर्वत्र सारखी बसली आहे का पाहा. बॅलन्सिंगचे शून्य अर्धा फेरा फिरवून पडताळा. गोलपणा मोजा. दाब गाडीच्या तक्त्याप्रमाणे ठेवा. एवढे झाल्यावरही थरथर राहिली, तरच सुट्या भागांवर पैसे खर्च करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर गाडी चालवून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी बरी होईलही, पण दोष कशात होता हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागेल.

पुढच्या बैठकीत व्यवस्थापन समितीने आपल्या नोंदवहीत दोन ओळी लिहून घेतल्या : चालकाने वेळीच आणि वारंवार तक्रार केल्यामुळे अपघात टळला, आणि यापुढे चालकाच्या तक्रारीची त्याच दिवशी लेखी नोंद घेतली जाईल. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूस मी एक कागद चिकटविला आहे. त्यावर चाक काढल्याची तारीख, किलोमीटर आणि 'पन्नास किलोमीटरनंतर नट तपासले' अशी तीन रकाने आहेत. गेल्या भेटीत पाहिले, तो कागद भरून दुसरा लागला होता. प्रत्येक ओळीपुढे काकांची सही होती.